गिरीजच्या केळी आणि आमचं विद्यावेतन

नलिनी आणि मी भेटलो की केळीचे रोग आठवत नाहीत, आठवतात ते आमचे साहेब. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याचं तयारच असतं!

सत्तरच्या दशकाची अखेर होती. आम्ही दोघं बॉटनीत एमएस्सी करत होतो. सहा महिन्यांचं सरकारी विद्यावेतन मिळालं आणि गिरीज गावच्या वाड्यांत केळीच्या रोगांचा अभ्यास करायला आलो. पहिल्याच दिवशी तिथल्या सरकारी केळी संशोधन केंद्राच्या साहेबांकडे मायक्रोस्कोप मागितला. त्यांनी कपाट उघडून लांबूनच दाखवला आणि कुलूप लावलं.

"सर, वापरायचा होता."

"वापरला की खराब होतो! मग इन्स्पेक्शनला काय दाखवू?"

तो वर्षातून एकदाच बाहेर यायचा. दसऱ्याला, पूजेसाठी!

*

आम्ही काम करायचो ती वाडी बस्त्यावकाकांची. घरातली त्यांची बोली आम्हाला कळायची नाही, म्हणून आमच्याशी ते सावकाश मराठी बोलत.

नलिनीनं चाळीस केळींना पुठ्ठ्याची लेबलं बांधली. त्यावर सुबक अक्षरात लॅटिन नावं. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकही शिल्लक नाही!

काका म्हणाले, "बाय, शेजारच्या शेळीनं सगळं वाचून काढलं!"

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'स्थानिकांचा उत्तम प्रतिसाद.'

*

एकदा मात्र हसण्यासारखं नव्हतं. पानं आखडलेल्या, राजेळी जातीच्या बारा केळी मला रोगट वाटल्या. साहेबांनी वाडीत पाऊल न टाकता त्या जाळायच्या हुकमावर सही केली. नमुने प्रयोगशाळेत गेले, पण उत्तर यायच्या आधीच केंद्राच्या मजुरांनी केळी उपटून जाळल्या. आठवड्यानं पत्र आलं: रोग नाही.

"फाइलला लाव," साहेब म्हणाले. "काकांना कशाला सांगायचं?"

मला जेवण जाईना. नलिनी म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी सांगते."

दोघंही गेलो. मी पत्र वाचून दाखवलं. काकांनी कोपऱ्यातली कुदळ आणून माझ्या हातात दिली.

"खण. नवीन रोपं मी देतो."

तीन दिवस खणत होतो. हाताला फोड आले, पण जेवण जायला लागलं.

साहेबांचा अहवाल: 'केंद्रातर्फे बारा केळींची नवी लागवड.'

*

शेवटी दिल्लीहून समिती आली. विद्यावेतनाची योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, हे ठरायचं होतं. साहेबांनी नवा सफारी शिवला, काकांना काय बोलायचं ते तीनदा पढवलं आणि समितीला घेऊन वाडीत आले.

समितीतल्या एका मराठी गृहस्थांनी काकांना विचारलं, "योजनेचा फायदा झाला का?"

साहेब श्वास रोखून उभे!

काकांनी टोपी काढली. "झाला ना! ही दोन पोरं चांगली तयार झाली."

साहेब हसले. समितीही हसली.

"आता असं करा," काका म्हणाले, "सहा महिने ह्या साहेबांना ठेवा माझ्याकडे!"