येळवशीच्या दिवशीची सुनावणी

उन्हाचा जाब सरकारला विचारणारा माणूस भूतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. रेणापूरच्या शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले, पण भूगोलाने काही त्यांना सोडलं नाही. खिशात पेनाच्या जागी तापमापक. लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडवातलं तापमान जाहीर करतात. एकदा तर भर मुहूर्तावर त्यांनी नवरदेवाचा फेटा उतरवायला लावला. वीजबिलाखाली लाल शाईने लिहितात, 'यात गारपिटीचं नुकसान धरलेलं नाही.' खिडकीतल्या कारकुनाला वर ऐकवतात, "कोळशाची वीज सस्ती म्हंता, मंग गारांनी झोपलेली रानं कोनाच्या नावावर टाकता?" कारकून बिचारा मान डोलावतो. मीही इतकी वर्षं तेच करत आलोय.

यंदा मात्र मामांची झोप उडाली. नव्या वीजकेंद्राला परवानगी देताना हवामानाचं नुकसानही मोजायचं, असं एक कलम सरकारी नियमांच्या मसुद्यात आलं होतं आणि ते काढून टाका म्हणून वीजकंपन्यांची बडी मंडळी मागे लागली होती. लातूरच्या सुनावणीत कलमाच्या बाजूने कुणी बोललं नाही, तर ते जाणार हे उघड होतं. आणि मुंबईच्या साहेबांनी तारीख धरली ती नेमकी वेळ अमावस्येची, आमच्या येळवशीची! त्या दिवशी लातुरात झाडून सगळे शेतात असतात. कडब्याच्या खोपीत पूजा करायची आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर आणि आंबिलावर ताव मारायचा. मामांनी जन्मात येळवस चुकवली नव्हती. "जावईबापू, गाडी काढा," एवढंच म्हणाले.

सभागृहात दोन साहेब आणि रिकाम्या खुर्च्या. कलम काढा म्हणणारेही शेतात जेवत होते! मामा उभे राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

"साहेब," खिशातला तापमापक चाचपत ते म्हणाले, "आज पयल्यांदा येळवस सोडून आलो. भज्जीला तुरीच्या, हरभऱ्याच्या शेंगा आपल्या रानातल्या लागतात. मागल्या साली अवकाळीनं सगळं नेलं. बाजारातून शेंगा इकत आणून देवाला निवद दाखवला. लई लाज वाटली. ते बी मोजा. दुसरं काई म्हननं न्हाई."

मोठ्या साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि मामांना वाचून दाखवला.

कलम राहिलं. ती बातमी कळली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी मामांना चक्क मिठी मारली. मामा मात्र चष्मा पुसत बसले. "एका येळवशीत भागलं, जावईबापू," ते म्हणाले. या वयात अशा किती येळवशी उरल्यात, हा हिशेब मात्र त्यांनी कुठल्याच बिलाखाली लाल शाईने लिहिला नाही.