तिखट हात

कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे ढीग पडले की रस्त्यानं जाणारा माणूस नाक दाबून पुढं निघतो. पंचफुला मात्र त्याच ढिगाशी बसून देठ खुडत आली, लग्न होऊन आली त्या सालापासून. तिला शिंक येत नाही, ठसका लागत नाही. मेंदी उतरते, पण तिच्या बोटांतलं तिखट काही उतरलं नाही.

म्हणून अंजू जन्मली तेव्हाच घरात रीत पडली. पोरीच्या डोळ्याला मायनं हात लावायचा नाही. काजळ घालायचा तो बाप, बाबनराव. आसवंही त्यानंच पुसायची. पोर हुंदके देत मांडीवर येऊन पडायची आणि पंचफुला दोन्ही हात पाठीमागं धरून नुसती बसायची.

पोर मोठी झाली, कबड्डीत नाव काढलं. पण चष्मा जाड. मैदानात तो चालेना, अन् काढला तर रेघ दिसेना. शेवटी लेसर करायचं ठरलं.

"ब्लेड लागत नाही, मावशी," धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या. "लेसरनंच बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलतो, आतला आकार नीट करतो आणि पापुद्रा परत बसवतो. टाका नसतो. म्हणून डोळा चोळायचा नाही. थेंब मात्र वेळेवर घाला."

पंचफुलानं मान हलवली. थेंबाला बाप आहे, तिनं मनाशी म्हटलं.

लेसर उरकून दुपारी मायलेकी घरी पोचल्या तोच वाडीच्या गोदामातून बाबनरावाचा फोन आला. माल भरलेले ट्रक येऊन उभे होते, मालक सोडेना.

अंजूनं स्वतःच बाटली उचलली. डोळ्यांतून पाण्याची धार लागलेली, पापण्या उघडेनात. थेंब गालावर पडला. दुसऱ्यांदा बाटलीचं टोक बुबुळाला लागता लागता राहिलं.

"माय, तूच घाल वं."

पंचफुलानं आपल्या हातांकडं पाहिलं. कालपर्यंत ती ढिगातच होती. तिनं हाताला तेल चोळलं, ताक चोळलं, साबण लावला. मग बोट आपल्याच डोळ्याला लावून पाहिलं. काहीच झोंबलं नाही. ती उठणार तोच दारातून शेजारची यमुताई बोलली,

"तुह्या डोळ्याची साक्ष काय कामाची वं? तुहे डोळे कवाच मेले. माह्या डोळ्याले लाव."

"आंधळी होशील, यमुताई."

"मोतीबिंदू पिकूनच राहिला. लाव म्हणतो ना!"

पंचफुलानं बोट टेकवलं. यमुताईचा डोळा लालबुंद झाला.

"झोंबलं?"

"माह्या सासूच्या बोलण्यापेक्षा कमीच. धू अजून."

आत अंजू कण्हत होती. "माय, वेळ होऊन राहिली."

पंचफुलानं पुन्हा तेल घेतलं. नखांच्या कडा घासल्या, कातडी सोलवटेस्तोवर घासल्या. यमुताईनं दुसरा डोळा पुढं केला. बोट लागलं. यमुताई गप्प.

"काहून बोलून नाही राहिली?"

"थांब ना. तिखट हळूच चढते."

चुलीवरचं पाणी खदखदत होतं. यमुताईनं पापणी मिटली, उघडली, परत मिटली.

"नाही झोंबत. जा आता. अन् माह्या डोळ्याले शिवली, हात धुऊन जा."

पंचफुला हात धुऊन, कशालाही न शिवता, कोपरानं दार ढकलून आत गेली. अंजू उताणी पडली होती. मायनं बोटानं खालची पापणी अलगद खाली ओढली. हाताखाली पोरीची कातडी ऊन होती, ओली होती. इतकी मऊ असेल हे तिला ठाऊकच नव्हतं. बाटली वर धरली, बुबुळापासून दूर. श्वास रोखला. थेंब लोंबला, थरथरला आणि नेमका आत पडला.

अंजूनं डोळा मिटला. पंचफुला तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ आवळतात का, कपाळाला आठी पडते का. काहीच झालं नाही.

"थंड लागलं," अंजू म्हणाली. "आता दुसरा."

पंचफुला उठली आणि पुन्हा हात धुवायला गेली.