पाहुण्यांसाठी सपाता

शेजारच्या जपानी हारुकोचा नवरा दारात पडला तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. चेहरा पांढराफटक, टाय गळ्याशी घट्ट. सकाळी कामावर निघायची वेळ. हारुको आमच्या दारावर थापा मारत होती. "आजी-सान! आजी-सान!" एवढंच. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या या अपार्टमेंटमध्ये आमची दारं समोरासमोर. मी अनवाणीच धावले.

टाय सैल केला. तिच्या स्वयंपाकघरातला कांदा घेतला, ओट्यावर बुक्कीने फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. आमच्याकडे माणूस बेशुद्ध पडला की हेच करतात. मागे बघते तर हारुको फोनवर. मला वाटलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते आहे. पण ती फोन कानाला लावून कमरेत वाकत होती. पुन्हा वाकत होती. जसं काही समोर कोणी मोठा माणूस उभा आहे. भाषा कळली नाही तरी मला कळलं. ही माफी मागते आहे. नवऱ्याला आज ऑफिसात यायला उशीर होणार म्हणून.

"अगं बाई, तो मरतोय!" मी मराठीतच ओरडले. मग सुनेला हाक मारली. सुनंदाने तिच्या हातातून फोन घेतला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला लावला.

ती माणसं येईपर्यंत हारुकोने काय केलं? दाराशी सपाता मांडल्या. ओळीने, टाचा बाहेर, टोकं आत. घरात पाहुणे येणार होते ना. ते आले आणि चिखलाच्या बुटांनी सपाता तुडवत आत शिरले. एकाने कांदा उचलून सुनंदाला विचारलं, हे काय?

"आई, अहो काय हे!" सुनंदा लाजली.

"कांदा आहे, सांग त्याला. आणि म्हणावं, कांदा राहू दे, माणूस उचल."

आता तुम्ही इचलकरंजीत बसून हसाल. हसा. मी इथे यायला निघाले तेव्हा तुम्ही सगळ्या मोटारस्टँडवर आला होता. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता बसून खा. पोरगा अमेरिकेत इंजिनियर आहे." बसून खातेच आहे. पोरगा मला नीट दिसतो तो रविवारीच.

हारुकोशी माझं जमलं, कारण तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, बाकी सगळं हातवाऱ्यांनी. दुपारी ती चहा घेऊन यायची, हिरवा, बिनसाखरेचा. मी तोंड वाकडं करून प्यायचे. नवऱ्याच्या कंपनीने त्यांना टोकियोहून इथे पाठवलं होतं. तिकडे तो मुलगी उठायच्या आत जायचा आणि ती झोपल्यावर यायचा. कामानंतर साहेबाबरोबर प्यायला बसावं लागायचं, तेही कामच. मुलगी लहान असताना एकदा तो रविवारी घरी जेवला आणि निघताना ती त्याला म्हणाली, पुन्हा या हं. हे सांगताना हारुको हसली. मी नाही हसले. टोकियोत त्यांच्या बिल्डिंगमध्ये शेजारचा म्हातारा एकटाच होता. तो मेला ते वास आल्यावर कळलं. इतकी माणसं, इतकी दारं, आणि वास आल्यावर. "अमेरिका गुड," ती म्हणायची. "हजबंड डिनर, संडे." तिला हेच सुख वाटत होतं.

हॉस्पिटलात सुनंदाबरोबर मी बघायला गेले. त्याला हार्ट अ‍ॅटॅक आला होता, नळ्या लावल्या होत्या. तेवढ्यात त्याचा साहेब आला. तर हा नळ्यांसकट उठून बसायला लागला, वाकायला. नर्स ओरडली. हारुको कोपऱ्यात वाकली. मग साहेबही वाकला. सगळे एकमेकांची माफी मागत होते आणि चूक कोणाची ते मला काही कळेना. अजून कळलेलं नाही. साहेब दुष्ट दिसत नव्हता. त्याचेही डोळे जागरणाने सुजलेले होते.

माझा बाप हातमागावर लुगडी विणायचा. दिवस मावळला की म्हणायचा, "उजेड संपला, माग बंद." मग हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा. आम्ही गरीब होतो, दोन लुगड्यांवर वर्ष काढायचो. ते बरं होतं असं मी म्हणणार नाही. गावात वीज आली, यंत्रमाग आले, तेव्हा रात्रपाळी सुरू झाली आणि घरात पितळेची भांडी आली. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. मग आता तक्रार कशाची करू?

मला वाटत होतं, हे जपानी लोकांचं काहीतरी आहे. तसं मी महेशला, माझ्या मुलाला, बोलले. तो सकाळी दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. कमरेला ते पेजर, ऑफिसातून बोलावणं आलं की वाजणारं.

"त्याच्या कंपनीने त्याला मारलाच असता," मी म्हटलं.

"आई, कंपनी सांगत नसते गं. आपणच थांबतो. सगळे थांबलेले असतात."

"तुला कोणी थांबवलंय?"

"प्रोजेक्ट संपू दे." पेजर वाजलं. तो गेला.

मी त्याच्या बुटांकडेच बघत राहिले होते.

हारुकोचा नवरा बरा झाला आणि पुन्हा कामावर जायला लागला. तेच बूट. ती दारात वाकून त्याला निरोप देते आणि मला बघून हसते. मी हल्ली तिला कांदा दाखवते, गंमत म्हणून. ती तोंडावर हात ठेवते.

तुम्ही विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का. इचलकरंजीतल्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं, त्या दाराकडे कोणी बघायचं नाही. इथे दार बंद असतं आणि मी त्याच्याकडे बघत बसते. याला घर म्हणायचं असेल तर म्हणा.

हारुकोचा नवरा वाचला. हारुको आहे, मी आहे. महेश सकाळी गेलाय, रात्र झाली, अजून आलेला नाही.