सुटलेले काका

वारस दाखल्यासाठी मी ठाण्याच्या कोर्टात खेपा घालत होते, तेव्हा बाकावर शहाडचे एक काका भेटायचे. शिपाई दिसला की उगाच उभे राहायचे, मग शर्ट खाली ओढून पुन्हा बसायचे. अंगणातल्या भिंतीवरून भांडण झालं आणि त्यांनी सख्ख्या भावाच्या डोक्यात काठी घातली, म्हणून कल्याणच्या कोर्टाने त्यांना शिक्षा सुनावली होती. मुलीच्या हट्टामुळे त्यांनी इथे अपील केलेलं.

निकालाच्या दिवशी वकील हसतच बाहेर आले. "काका, सुटलात! साक्षीदारांचे जबाब जुळले नाहीत."

"म्हणजे मी मारलं नाही?"

"मारल्याचं सिद्ध झालं नाही," म्हणत वकील पुढच्या कामाला गेले.

काका माझ्याकडे वळले. "पण ताई, मारलेलं तर मीच. शिक्षा भोगून आलो की भावाची माफी मागणार होतो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

तेवढ्यात त्यांची मुलगी पेढे घेऊन आली. काकांनी एक उचलला आणि तळहातावर नुसताच धरून ठेवला.

"खाऊ का?" त्यांनी मलाच विचारलं.