शक्यता शून्य

आमची ताई कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. प्रोग्रॅममधला आकडा किती किंमती घेऊ शकतो हे कंपायलर साठवतो आणि अशक्य वाटेल ते काढून टाकतो. मेमरी वाचवायला ताईने ती संख्या एकाच बाइटमध्ये बसवली होती.

"ताई, लिफ्टचा ब्रेक लावणारी ओळच गायब!" चाचणीवाला ओरडला.

"तूच गिळली असशील," ती हसली. पाहिलं, तर पायाखालची जमीनच सरकली. लिफ्टच्या वेगाला दोनशे छप्पन्न किंमती शक्य होत्या. बाइटमध्ये दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. पुढे पुन्हा शून्य! वेगाला एकही किंमत शक्य नाही असं समजून कंपायलरने ब्रेकची ओळ उडवली होती. आणि हा प्रोग्रॅम उद्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये जाणार होता.

तिने संख्या एकने कमी करून साठवली; आता दोनशे छप्पन्नच्या जागी दोनशे पंचावन्न, म्हणजे बाइटमध्ये मावणारं. ओळ परत आली. घरी जाताना मात्र ती जिन्याने उतरली.