डेलिया हेरटीने गोलामागे जे ऐकलं

किलशॅन गावच्या फुटबॉल संघाच्या जर्सी डेलिया हेरटी किती वर्षं धूत होती ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. धू असं तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. नवरा टोमास खेळायचा तेव्हा एका रविवारी चिखलाने जड झालेली पिशवी घरी आली, ती येतच राहिली. टोमासचे गुडघे गेले, त्याचं खेळणं सुटलं, मुलगा कॉरमॅक संघात आला, पिशवी काही सुटली नाही. बाई जिभेने फटकळ. पण कोणाच्या घरी मयत झालं की सँडविचचं पहिलं ताट तिच्याच हातचं असायचं.

एका वर्षी, ऐन हिवाळ्यात, असंच ताट घेऊन ती ड्रमॅकाच्या धक्क्यावर आठवडाभर उभी होती. ड्रमॅका म्हणजे खाडीपलीकडचं गाव. फुटबॉलमध्ये किलशॅनचं पिढीजात वैरी. तिथला जॉन-जो मन्नेली खेकड्यांचे सापळे उचलायला समुद्रात गेला आणि नाव रिकामी परत आली. तेव्हा कसलं वैर अन् कसलं काय. किलशॅनचे झाडून सगळे पुरुष शोधायला गेले. कॉरमॅक सुतारकाम टाकून रोज किनारा तुडवत होता. जॉन-जो काही सापडला नाही; खडकाच्या कपारीत त्याचा एक बूट सापडला तो कॉरमॅकलाच. धक्क्यावर ब्रीजी, म्हणजे जॉन-जोची बायको, उभी होती. तिच्या नजरेला पडू नये म्हणून पोराने तो बूट कोटाच्या आत दडवून आणला आणि गुपचूप पोलिसाच्या हातात दिला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. डेलियाला वाटलं, पोरगा आपला, पण काळीज देवाचं.

आणि मग पुढच्याच वर्षी सेमीफायनलला किलशॅनसमोर ड्रमॅकाच आलं.

ड्रमॅकाचा सगळा भरवसा जॉन-जोच्या मुलावर, रोननवर. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरतात आणि गोलाच्या खांबांमधून उंच मारला की पॉइंट; चेंडू त्याच्या हातात पडला की तो पॉइंट ठरलेला. त्याला अडवायचं काम कॉरमॅककडे, म्हणजे तासभर त्याच्या पाठीला चिकटून राहायचं. डेलिया एरवी मैदानाच्या कडेला, बायकांत उभी राहायची. त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या द्यायला म्हणून ती किलशॅनच्या गोलामागे गेली आणि वाऱ्याला पाठ करून तिथेच थांबली.

चेंडू दुसऱ्या टोकाला होता. कॉरमॅक आणि रोनन तिच्यापासून हाकेच्या अंतरावर उभे. कॉरमॅक काहीतरी बोलत होता. अडलेल्या गाईला धीर देताना तो ज्या आवाजात बोलायचा, अगदी त्याच हळू, मऊ आवाजात. म्हणून आधी तिला वाटलं, विचारपूस करतोय.

"काय रे रोनन, दुसरा बूट सापडला का बापाचा? मी उचलला तेव्हा एकच होता बाबा."

रोनन समोर बघत राहिला.

"गोल तिकडे आहे बघ. का तुमच्या घरात कोणालाच वाट सापडत नाही? आईला सांग, आज पण धक्क्यावर उभी राहा म्हणावं."

डेलियाच्या हातातली बाटली कधी कलंडली आणि पाणी कधी बुटात शिरलं, तिला कळलं नाही. "कॉरमॅक!" ती ओरडली. पण तेवढ्यात चेंडू इकडे आला, अख्खं मैदान ओरडायला लागलं आणि तिची हाक त्यात बुडून गेली. गोलाच्या खांबाशी, चेंडू आतून गेला की बाहेरून ते सांगणारा पांढऱ्या कोटातला अंपायर उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"तुम्ही ऐकलंत ना? ऐकलंत ना तो काय बोलला ते?"

"मी चेंडू बघतो, बाई," तो म्हणाला. आणि खरोखरच, तिच्याकडे न बघता, चेंडूकडेच बघत राहिला.

रोननने बराच वेळ सोसलं. त्याने मारलेले चेंडू खांबाबाहेर जाऊ लागले. शेवटी, खेळ संपत आला असताना, तो गर्रकन वळला आणि त्याने कॉरमॅकच्या जबड्यावर ठोसा हाणला. तो ठोसा मात्र सगळ्यांनी पाहिला. रेफरीने लाल कार्ड काढलं. रोनन मान खाली घालून निघाला तेव्हा किलशॅनची माणसं कठड्यावरून वाकून ओरडत होती. "जा रे जा, आईच्या पदराखाली जा!" त्यात डेलियाच्या ओळखीचे चेहरे होते. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे.

किलशॅन एका पॉइंटने जिंकलं.

संघाचा प्रशिक्षक गेरोड लॅव्हेल हा शाळेतला मास्तर. लोक त्याला खांद्यावर घेऊ बघत होते. डेलियाने त्याला गाडीपाशी गाठलं आणि कॉरमॅकचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मास्तरचं हसू जरा उतरलं.

"डेलिया, त्याचं डोकं फिरव एवढंच मी सांगितलं होतं. कसं फिरवायचं ते मी सांगत नाही आणि विचारतही नाही."

"तुम्ही शाळेत मुलांना शिकवता, मास्तर."

"आणि ड्रमॅकाची पोरं काय जपमाळ ओढत होती? त्यांनी आमच्या गोलकीपरला त्याच्या बायकोवरून काय काय ऐकवलं, विचार त्याला. सगळे करतात गं. फायनलला पोचलोय आपण. आज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरमॅक सुजल्या जबड्याने चहात पाव बुडवून खात होता.

"मी गोलामागे होते," डेलिया म्हणाली.

त्याचा घास थांबला. मग तो पुन्हा चावू लागला. "ते मैदानातलं आहे, आई. शिट्टी वाजली की संपलं."

"तूच शोधलास ना रे तो बूट? कोटात लपवून आणलास ना?"

"म्हणून तर." तो पटकन बोलला, आणि तोंडून गेल्यावर त्याचं त्यालाच ते टोचलं असावं, कारण तो उठला. "दुसरं काही चाललंच नसतं त्याच्यावर. तुला नाही कळायचं."

दार आपटून तो गेला. डेलिया नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी बोला काहीतरी!"

टोमास चुलीकडे बघत होता. "आमच्या वेळीही बोलायचे," तो म्हणाला.

"काय बोलायचे?"

"माझ्या बहिणीबद्दल. ती लग्नाआधीच पोट घेऊन इंग्लंडला गेली त्याबद्दल. दर मॅचला." इतक्या वर्षांच्या संसारात हे तो पहिल्यांदाच बोलला होता. "मग मीही शिकलो. बोलायला."

त्यानंतर त्याच्याकडे काय मागायचं, हे डेलियाला समजेना.

तिने ठरवलं, आपण जाऊन ब्रीजीची माफी मागायची. मुलाने नाही तर आईने. कोट घातला, गाडी काढली आणि खाडीला वळसा घालून ती ड्रमॅकाला गेली. वाटभर ती शब्द जुळवत होती.

ब्रीजीने दार उघडलं आणि डेलिया तोंड उघडायच्या आत तिचे दोन्ही हात धरले.

"अगं, मीच येणार होते. तोंड दाखवायला जागा नाही मला. कॉरमॅकचा जबडा कसा आहे? मोडला नाही ना?"

"ब्रीजी, मी..."

"ज्या पोराने माझ्या जॉन-जोसाठी आठवडाभर समुद्रकिनारा पालथा घातला, त्याच्यावर हात उचलतो म्हणजे काय! मी विचारलं रोननला, काय झालं, का मारलंस? तर म्हणतो, काही नाही, डोकं फिरलं. दुसरा शब्द नाही. बाप गेल्यापासून असाच झालाय गं. तू बस. चहा टाकते."

डेलिया बसली. जुळवून आणलेले सगळे शब्द तयार होते. पण ते बोलायचे तर आधी कॉरमॅक काय म्हणाला ते सांगावं लागणार. म्हणजे तो बूट, तो धक्का, सगळं या बाईच्या ओंजळीत आणून टाकायचं. रोननने जे आईपासून झाकून ठेवलंय ते आपण उघडं करायचं, आणि वर त्याला माफी म्हणायचं? तिने चहा प्यायला. दुसरा कपही प्यायला. निघताना ब्रीजीने तिच्या हातात कस्टर्डचं झाकलेलं भांडं ठेवलं. "चावायला नको, त्याला बरं पडेल."

दारात रोनन भेटला. सायकल भिंतीला टेकवत होता. तो तिच्याबरोबर गाडीपर्यंत आला.

"गोलामागे तुम्हीच होतात ना, मिसेस हेरटी?"

तिने मानेने हो म्हटलं.

"आईला सांगितलंत?"

"नाही रे बाळा."

"नका सांगू. कधीच नका." त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. "मीही त्याला डिवचत होतो सुरुवातीला. पण तसलं नाही. तसलं नव्हतो बोललो मी."

ठोशाबद्दल रोननला खेळायची बंदी आली. कॉरमॅकला साधी समजही मिळाली नाही, कसली देणार? रेफरीच्या अहवालात एकच गोष्ट होती, ठोसा. फायनलला किलशॅन सडकून हरलं आणि आठवड्याभरात लोक फायनलही विसरले. बंदी संपायच्या आधीच रोनन ऑस्ट्रेलियाला गेला. तिकडे कोणा चुलतभावाबरोबर बांधकामावर लागला म्हणे.

डेलियाने एकदा जर्सींची पिशवी उघडलीच नाही. दोन दिवस ती दारात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. संघातली निम्मी पोरं तर तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. त्यांना ओल्या जर्सी घालायला लावून काय मिळणार होतं? तिने मशीन लावलं.

पुढच्या उन्हाळ्यात ब्रीजीचं छप्पर वादळात उडालं. कॉरमॅक आपण होऊन गेला. तीन शनिवार खपून त्याने वासे बदलले आणि फळ्या नव्याने ठोकल्या. डेलियाने त्याला विचारलं, "का जातोस?" तो म्हणाला, "छप्पर उडालंय तिचं, म्हणून." तो मुद्दाम वरवरचं बोलत होता की त्याला खरंच दुसरं काही ठाऊक नव्हतं, हे आईला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. एरवी तिला त्याचं सगळं ओळखू यायचं.

शेवटच्या शनिवारी ती त्याचा डबा घेऊन गेली. ब्रीजी अंगणात उभी होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून छपरावर बसलेल्या कॉरमॅककडे बघत होती.

"रोनन इथे असता तर मी त्याला सांगितलं असतं," ती म्हणाली, "असं असावं माणसाने. तू भाग्यवान आहेस, डेलिया."

वर हातोडीचे ठोके पडत होते. डेलियाने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली.