पप्पांचं माप

खांदेश्वरच्या एका दातांच्या लॅबमध्ये मी कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढते. अल्जिनेटचं, म्हणजे त्या ओलसर रबरासारख्या लगद्याचं, माप आलं की लगेच ओतायचं. त्यातलं पाणी उडतं आणि ते आकसतं. नव्या मुलींना हे मीच शिकवायचे.

पप्पांचं माप आलं त्या दुपारी एका नवरीचे पुढचे दात संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. घरचंच काम, थांबेल, म्हणून मी ते तसंच बाजूला ठेवलं. ओतायला घेतलं तेव्हा चार तास होऊन गेले होते, तरी ओतलंच.

पप्पांचं आयुष्य न्हावा शेव्याला ट्रेलर चालवण्यात गेलं. कवळी घालून आरशात बघत म्हणाले, "बसली बघ झकास." मग सोसायटीत भेटेल त्याला हसून दाखवायचे, "पोरीनं केलीय."

दीड महिन्यानं आई म्हणाली, "हे भाकरी वरणात भिजवून गिळतात गं. चावतच नाहीत."

मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरडीवर मसुराएवढा घाव.

"पप्पा, सांगितलं का नाही?"

"तू केलेली. दुखतीय म्हणून कसं सांगू?"

मी त्यांना सगळं सांगितलं, त्या चार तासांचंही. ते म्हणाले, "कामाचं टेन्शन असतं. होतं असं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घाव भरत आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा माप घेतलं, या वेळी सिलिकॉनचं. ते कितीतरी दिवस आकार सोडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तेच ओतायचं मी ठरवलं होतं. सकाळी चहा पिताना पप्पांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना रिक्षातच गेले.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी कामावर गेले. शेजारच्या टेबलावरची ताई हळूच म्हणाली, "ते माप ठेवलंय गं मी. काय करू?"

मी प्लॅस्टर कालवलं. तासाभरानं साचा सुटला. टाळूच्या वळ्या, उरलेले चार दात, सगळं जसंच्या तसं. हिरडीवरून बोट फिरवलं, तर घावाच्या जागी बारीक खळगा लागला. मी कितीतरी वेळ बोट तिथंच ठेवून बसले.

घरी आईनं विचारलं, "नवी नीट बसली असती ना गं?"

"बसली असती," मी म्हणाले.